अपिलातलं एक वाक्य

"मयत हा कोणत्याही प्रश्नास 'हं' एवढेच उत्तर देत असे, असे त्याच्या पत्नीने उलटतपासणीत निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे," वकीलबाईंनी वाचून दाखवलं आणि मागच्या बाकावर मी दचकले. निःसंदिग्ध हा शब्द मी जन्मात कधी उच्चारलेला नाही. मी म्हटलं होतं, काही विचारा, हे आपले हं. नुसतं हं. खालच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते, लाकडी कठड्यावर कुणीतरी नखानं कोरलेलं एक वेडंवाकडं फूल होतं, त्यावर अंगठा फिरवत मी ते बोलून गेले होते. आता तेच वाक्य इस्त्री करून, घडी घालून, पान क्रमांक सांगून दोन न्यायमूर्तींच्या पुढे ठेवलं जात होतं. त्यांतल्या वयस्कर न्यायमूर्तींना सर्दी झाली होती. ते गरम पाण्याचा घोट घेत होते, कागदावर बोट ठेवत होते आणि वकीलबाईंच्या प्रत्येक मुद्द्यावर, देवाशपथ सांगते, हं म्हणत होते. ते हं होकाराचं होतं की सर्दीचं, ते माझ्या शेजारी बसलेली वहिनी डोळे फाडून शोधत होती. मला त्या कामाचा पुष्कळ अनुभव होता, पण मी तिला काही सांगितलं नाही.

नीट सांगते, नाहीतर माझं नेहमीचं, मी मधूनच सुरू करते आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपलंच लक्ष नव्हतं. लहानपणापासून मला घरात मैना म्हणतात, का ते सांगायला नको. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. दादा आणि माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर एका जोडीत होते; माझं लग्नही त्या जोडीमुळेच झालं, दादानंच एक दिवस त्याला घरी आणलं होतं. काम असं चालायचं की नवरा लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहून रुळांना ग्रीस लावणार, बोल्ट आवळणार, आणि दादा अगदी वर, गच्चीखालच्या मशीनच्या खोलीत, बटणांसमोर. दोघांच्या मध्ये काँक्रीटचा स्लॅब. दोर खाली जावेत म्हणून त्या स्लॅबला एक भोक ठेवलेलं असतं, बोलणं त्या भोकातून. नियम असा आहे की वरच्यानं विचारायचं, डबा वर घेऊ का. खालच्यानं पूर्ण शब्दांत सांगायचं, डबा वर घे. वरच्यानं तेच शब्द पुन्हा म्हणायचे आणि मगच बटण दाबायचं. नवी माणसं हे पाळतात. इतकी वर्षं एकत्र घासलेल्या जोडीला तो पोरखेळ वाटतो. दादाला यावरून कंपनीनं आधी एकदा समजही दिली होती. त्या दिवशी नवरा टपाच्या कडेवरून बाहेर वाकून भिंतीतलं काहीतरी बघत होता. दादानं डबा वर घेतला. डबा वर जातो तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाची लोखंडी वजनांची चौकट खाली येते, ती आली. पुढचं मला कुणी नीट सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. पोलिसांना दादानं सांगितलं, मी विचारलं होतं, तो हं म्हणाला. खालच्या कोर्टानं विश्वास ठेवला नाही. आरोपीला नियम माहीत होता, समज मिळालेली होती, म्हणजे माणूस मरू शकतो याची त्याला जाणीव होती, असं म्हणून सदोष मनुष्यवध आणि सात वर्षं. सदोष म्हणे. मी त्या दिवशी बाहेर येऊन वहिनीला विचारलं होतं, निर्दोष मनुष्यवध पण असतो का गं, आणि ती बिचारी खरंच विचार करायला लागली होती.

म्हणजे आता सगळं त्या एका हुंकारावर येऊन बसलं होतं. दादाच्या वकीलबाईंचं म्हणणं सरळ होतं. माणूस सवयीचा गुलाम असतो. जो घरी बायकोला हं म्हणतो तो कामावर मेव्हण्यालाही हंच म्हणणार. आरोपीनं ते उत्तर ऐकलं, खरं मानलं, इथं जाणीव कुठे आली, इथं फार तर दोघांची मिळून एक चूक आली. आणि ही साक्ष कोण देतंय, तर मयताची विधवा पत्नी, सरकारी पक्षाची साक्षीदार, जिला खोटं बोलून आपल्या नवऱ्याला दोष लावण्याचं काही कारण नाही. काही कारण नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या. सख्ख्या बहिणीला काय कारण असायचं, हे सरकारी वकील लगेच उठून म्हणाले, आणि ते चुकीचं म्हणाले असं मला वाटलं नाही. फक्त मी खोटं बोलले नव्हते. हीच तर माझी पंचाईत होती. खोटं बोलले असते तर निदान दादासाठी काहीतरी केलं असं झालं असतं. मी आपली तोंडाला आलं ते खरं बोलून गेले, जसं दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते, टाचण्या दातांत धरून.

कपडे उंचीला आणि कमरेला बेताचे करून द्यायचं माझं दुकान आहे. दुकान कसलं, घराचीच एक खिडकी, एक मशीन आणि मापं घ्यायला एक आरसा. आरशासमोर उभा राहिलेला माणूस स्वतःकडे बघतो आणि खाली गुडघ्यावर बसलेली मी बोलत राहते. नवऱ्याबद्दल मी तिथं पुष्कळ बोललेली आहे, त्याच्या जिवंतपणी. आमचे हे म्हणजे काय सांगू. लोकांसमोर मी त्याला हे म्हणते, मनात तो. मी एकदा त्याला म्हटलं, चहात उंदराचं औषध घातलंय बरं का, तर हं म्हणून प्यायला. बायका हसून हसून बेजार व्हायच्या आणि पँटच्या उंचीची खूण हलायची. तीच गोष्ट मी खालच्या कोर्टात सांगितली. दादाच्या तेव्हाच्या वकिलानं विचारलं, एखादं उदाहरण देता येईल का, आणि मी दिलं. सगळं कोर्ट हसलं. टंकलेखक हसला, पोलीस हसला, न्यायाधीशांनीही ओठ मुडपले. मला क्षणभर बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. मग मी दादाकडे बघितलं. तो आरोपीच्या कठड्यात खाली मान घालून उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी बाबांचा मार बसण्याआधी व्हायचे तसे. मला वाटलं, माझ्या नवऱ्याची आठवण आली असेल त्याला.

मी काही नुसती तक्रारच करत होते असं नाही. हं मध्येही फरक असतो, तो मला कळायचा, म्हणजे कळतो अशी माझी समजूत होती. दार उघडल्यावरचं हं वेगळं, जेवणावरचं वेगळं. दिवा घालवून झाल्यावर मी अंधारात काहीतरी बोलत असले की यायचं ते अगदीच वेगळं, लांबलेलं, शेवटाला श्वास सोडलेला, त्यावर मी पुष्कळ वर्षं काढली. पहिल्या पहिल्यांदा मला राग यायचा. मी ताटं आपटायचे. अबोला धरून बघितला. तो अबोला कळायलाच त्याला इतका वेळ लागला की शेवटी मीच सांगितलं, मी अबोला धरलाय. हं, म्हणाला. मग मला वाटायला लागलं की माणूस दमतो. दिवसभर एका विहिरीत लोंबकळत उभं राहायचं, खाली काळोख, वर काळोख, कानाशी दोरांची करकर. असल्या माणसाकडे संध्याकाळी शब्द कुठून उरणार. तो जात्याच मुका आहे, हे मी स्वतःला पटवलं, आणि एकदा पटवल्यावर त्या मुकेपणावर माझा जीव जडला. दुसऱ्या बायका सांगायच्या, आमचे हे बाहेर गोडगोड आणि घरात एरंडेल प्यायल्यासारखे. मी म्हणायचे, आमच्याकडे तसं नाही बाई, आमचे आतबाहेर एकच. हे मी अभिमानानं म्हणायचे.

सरकारी वकील आता नियमावली वाचत होते. पूर्ण शब्दांत, पूर्ण शब्दांत, असं बोट नाचवत. पंखा फिरत होता आणि त्याच्या एका पात्याला काहीतरी लागलेलं होतं, प्रत्येक फेरीला टक् असा आवाज यायचा. मी त्या आवाजात गुंतले आणि मला तो स्लॅब दिसायला लागला, ज्या जागी मी कधी गेलेच नाही ती खोली, ते तेलकट भोक, आणि त्याच्या काठाशी वाकलेला दादा. वर घेऊ? आणि खालून माझ्या नवऱ्याचा आवाज. कोणतं हं होतं ते? हे मला त्या दोन न्यायमूर्तींपेक्षा, वकीलबाईंपेक्षा, कुणाहीपेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. ऐकून दिलेलं, की न ऐकता? न ऐकताच दिलेलं असणार. माझ्या चहाला दिलं तसं. अपील जिंकलं तर हे कायमचं लिहिलं जाणार होतं, की माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या मरणाला न ऐकता हो म्हटलं, आणि ते माझ्या तोंडून सिद्ध झालं. अपील हरलं तर दादा म्हातारा होऊन बाहेर येणार, आला तर. त्याचं एक मूत्रपिंड आधीच कुरकुरतंय, भेटीला गेलं की त्याच्या पायांवर सूज दिसते. मला माझा भाऊ परत हवा होता. हे मी स्वतःशी अगदी स्पष्ट म्हणत होते, ओठ हलवून. मला दादा हवा आहे. पण प्रत्येक वेळी ते म्हणून झालं की मला कळायचं, त्याच्या बदल्यात मी काय देतेय. दुसऱ्या कुणाची नव्हे, नवऱ्याचीच किंमत देतेय, जो आता काही म्हणूही शकत नाही. आणि म्हणू शकत असता तरी काय म्हणाला असता.

वहिनी माझ्याकडेच राहते. दादाला शिक्षा झाली आणि भाड्याचं घर सोडावं लागलं तेव्हा ती दोन पिशव्या घेऊन माझ्या दारात उभी राहिली, म्हणाली, तुला चालत नसेल तर सांग. एकीचा नवरा गेलेला, दुसरीचा त्यापायी तुरुंगात, आणि दोघींना स्वयंपाकघर एक. लोकांना वाटायचं आमच्यात भांडणं होत असतील. भांडणं झाली असती तर बरं झालं असतं. आम्ही एकमेकींशी इतक्या अदबीनं वागायचो की जीव गुदमरायचा. आधी तू आंघोळ कर. नाही नाही, आधी तू. माझ्या नवऱ्याच्या खुंटीवर तिनं कधी ओढणीसुद्धा अडकवली नाही, आणि दादाचं पत्र आलं की ते उघडायला ती मोरीत जायची, मला दिसू नये म्हणून, आणि मी मशीन जोरात चालवायचे, तिला रडता यावं म्हणून. माझ्या साक्षीबद्दल तिनं मला कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं, हे बोल किंवा हे बोलू नकोस. पण साक्ष झाली त्या संध्याकाळी, माझ्याकडे राहायला यायच्या आधीच, तिनं घरी येऊन माझ्या पायांना तेल लावून दिलं, न विचारता, खाली मान घालून, आणि मी पाय मागे घेतले नाहीत. तेव्हाच मला कळलं की मी काहीतरी दिलंय आणि ते हिला पोचलंय.

एकदा मी त्या इमारतीतही गेले होते. एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायच्या निमित्तानं. निमित्त खोटं होतं, तो माणूस भलतीकडेच राहायचा, पण हातात कोट असला की रखवालदार विचारत नाही. तळमजल्यावर फरशी नुकतीच पुसलेली होती, ओल्या फडक्याचा वास येत होता, पत्रपेट्यांची रांग होती. मी बटण दाबलं. लिफ्ट आली, गुपचूप, जणू काही झालंच नाही. आत आरसा. मी आत शिरले, दार मिटलं आणि मी छताकडे बघत उभी राहिले. त्या पत्र्याच्या वर तो उभा असायचा. मी हळूच म्हटलं, अहो. मग जरा मोठ्यानं म्हटलं. मग दार उघडलं आणि शाळेच्या कपड्यातली एक मुलगी आत आली, तिनं मला विचारलं, वर जाणार का खाली. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा ती घाबरून बाहेर गेली आणि जिन्यानं निघाली. मी कोट हातात धरून परत आले, दुकान उघडलं, आणि संध्याकाळपर्यंत एकाही गिऱ्हाइकाशी बोलले नाही. ही गोष्ट मी वहिनीला सांगितली नाही.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघी लवकर जाऊन बसलो. खरं तर जायची गरज नाही, वकीलबाई म्हणाल्या होत्या, मी कळवीन. पण घरी बसून काय करणार होतो. वयस्कर न्यायमूर्तींची सर्दी गेली होती. त्यांनी भराभर वाचलं, जसं काही त्यांना दुसरीकडे जायचं होतं, आणि मला त्यातलं निम्मं कळलं नाही. मयताची पत्नी ही अत्यंत नैसर्गिक साक्षीदार आहे. तिने दिलेले चहाचे उदाहरण. खालच्या न्यायालयाने या पुराव्याकडे दुर्लक्ष करण्यात चूक केली. मयताने नेहमीच्या सवयीने होकार दिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. संशयाचा फायदा. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली. संपलं का, ती विचारत होती, संपलं का, काय म्हणाले? वकीलबाई वळून आमच्याकडे बघून हसल्या तेव्हा कुठे तिला कळलं. मग ती तिथंच बाकावर वाकली आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मलाही रडू आलं, आणि ते सुखाचंच होतं, अर्धं तरी. दादा सुटला. मी मनात नवऱ्याला म्हटलं, माफ कर. सवयीनं जरा वेळ थांबले, उत्तरासाठी.

दादाला सोडलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तुरुंगाचं दार मी समजत होते तसं मोठं उघडत नाही. मोठ्या दाराला एक छोटं दार असतं, त्यातून वाकून बाहेर यावं लागतं. तो वाकला आणि बाहेर येऊन सरळ व्हायला त्याला वेळ लागला. वहिनीनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दुसरं काय करावं हे न सुचून ती पिशवी उघडून आत बघायला लागली. तो माझ्याकडे बघत होता. मग पुढे येऊन त्यानं माझं डोकं स्वतःच्या छातीशी धरलं. त्याच्या शर्टाला कपाटात बंद राहिलेल्या कापडाचा वास येत होता, तो मला ओळखीचा आहे, आणि शर्ट दोन्ही खांद्यांवर उतरला होता. आत घ्यावा लागेल, माझ्या मनात आलं. टॅक्सीत वहिनी पुढे बसली, ड्रायव्हरला रस्ता सांगायला, आम्ही दोघं मागे. रस्ता वाहत होता, दुकानं, सायकली, एका गाळ्यात वेल्डिंग चाललेलं. दादा प्रत्येक गोष्टीकडे मान वळवून बघत होता. वहिनी काचेला डोकं टेकून झोपली. कित्येक महिन्यांची झोप तिला त्या एका सिग्नलला लागली असावी. मग दादानं माझा हात हातात घेतला.

"मैना, एक बोलू?" त्यानं आवाज खाली आणला. "तू त्या दिवशी कोर्टात बोललीस ना, ते चहाचं वगैरे. मला वर बघवेना."

"का रे?"

"गेलेल्या नवऱ्याबद्दल खोटं बोलायला लागलं तुला. माझ्यापायी. कसं फेडू मी हे?"

मला वाटलं, तुरुंगात राहून त्याचं डोकं जरा फिरलंय. मी हसलेच थोडी. म्हटलं, "खोटं कसलं? होतेच ते तसे."

"आता माझ्यापाशी कशाला," तो म्हणाला, आणि माझ्या हातावर थोपटलं, मोठ्या भावानं समजुतीनं थोपटावं तसं. "हं म्हणणारा माणूस होता का तो? त्या भोकातून दिवसभर नुसती टकळी चालू असायची. रस्त्यात कोण भेटलं, खालच्या मजल्यावर कोण कुणाशी भांडतंय, लहानपणी नदीत कसा बुडता बुडता वाचला. कान किटायचे माझे. एका वाक्यात हो म्हणेल तर शपथ. वर घेऊ का विचारलं की त्याचं उत्तर पाच मिनिटं चालायचं. म्हणून तर मी विचारायचं सोडून दिलं होतं."

"हे?" मी म्हटलं. "आमचे हे?"

"तू मात्र नेहमी सांगायचीस, हे नुसतं हं करतात. मला वाटायचं थट्टा करतेस. घरी मी यायचो तेव्हा तर काय, तू असलीस की दुसऱ्या कुणाला बोलायला मिळतंय?" हे म्हणताना तो हसला, खरंच मायेनं हसला. "पोलिसांनी विचारलं, त्यानं काय उत्तर दिलं, तेव्हा माझ्या तोंडातून तुझंच ते निघालं. हं म्हणाला. नंतर मागे घेता येईना. आणि तू येऊन ते सगळं खरं करून दाखवलंस."

नदीत बुडता बुडता वाचला. मी त्याची बायको होते, आणि तो नदीत बुडत होता हे मला टॅक्सीत कळलं. कोणती नदी, केवढा होता, कुणी काढलं बाहेर. आतबाहेर एकच, आतबाहेर एकच, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आले होते, आणि हा मनुष्य काळोखात टपावर उभा राहून दिवसभर बोलत होता, मग हात धुऊन घरी येत होता. घरी शब्द संपत नव्हते. घरी मी होते. दादानं त्याला मारलं, न विचारता मारलं, आणि कोर्टानं माझ्या शब्दावर त्याला सोडून दिलं, हेही मला त्याच वेळी कळत होतं, पण खरं सांगायचं तर ते मागे कुठेतरी होतं. पुढे दुसरंच होतं.

"त्या दिवशीसुद्धा?" मी विचारलं. "त्या दिवशीसुद्धा बोलत होते?"

दादा खिडकीकडे वळला. "बोलत होता. काहीतरी लांबलचक चाललं होतं. मधेच थांबला. मला वाटलं, संपलं. कामाला लागूया म्हणून मी बटण दाबलं. तो फक्त वाकून काहीतरी बघायला थांबला होता."

"काय सांगत होते?"

"काय माहीत."

"असं कसं काय माहीत? तू वरच होतास ना?"

"मी ऐकत नसायचो, मैना," दादा म्हणाला. "रोजचं होतं ते. मी आपला माझं काम करायचो."

"एखादा शब्द तर ऐकू आला असेल. आठव. सुरुवात कशी केली होती?" मी त्याचा हात दाबत होते, वहिनीनं माझं मनगट दाबलं होतं तसा, माझा आवाज चढत होता, आणि टॅक्सीवाल्यानं आरशातून मागे बघितलं. "कुणाबद्दल होतं? एवढं तरी. घरातलं होतं का? माझ्याबद्दल काही होतं का त्यात?"

दादा वळला. त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं, ते पाय सुजलेलं, खांदे उतरलेलं माणूस, माझा एकुलता एक भाऊ, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी ठरल्यासारखं आलं. त्याचे कान लाल झाले.

"हो," तो म्हणाला. "आता आठवतंय. तुझंच काहीतरी सांगत होता. अगदी कौतुकानं."

वहिनी जागी झाली होती आणि ड्रायव्हरला डावीकडे वळायला सांगत होती. टॅक्सी आमच्या दारात थांबली. दादा उतरला, त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढे केला. मी आतच बसून होते. चल, तो म्हणाला, उतर, आलं घर.